पुनरावर्तन, संगणकीय

पुनरावर्तन, संगणकीय : एखादा प्रश्न सोडविण्यासाठी त्याच स्वरूपाचा, परंतु अधिक लहान प्रश्न प्रथम सोडवून त्याच्या उत्तरावरून मूळ प्रश्नाचे उत्तर काढण्याच्या रीतीला पुनरावर्तन किंवा रिकर्शन म्हणतात. संगणकाच्या आज्ञावलीत ही रीत योजताना एखादी उपआज्ञावली आपल्या कामाचा काही भाग पार पाडण्यासाठी स्वतःलाच आवाहन करते. एखादी अट पुरी होईपर्यंत तीच कृती पुनःपुन्हा करणे, म्हणजे साधी आवृत्ती किंवा लूप, याहून ही रीत वेगळी आहे. आवृत्तीत एक फेरी संपल्यावरच दुसरी सुरू होते. पुनरावर्तनात मात्र पहिले काम अर्धवट थांबवून त्याच्या पोटात तसेच दुसरे काम सुरू केले जाते व ते संपल्यावर पहिले काम थांबले होते तेथून पुढे चालू होते. ज्या माहितीची रचनाच अशी एकात एक असते, तिच्यासाठी पुनरावर्तन ही सर्वांत स्वाभाविक रीत होय. सरणीच्या पोटात सरणी हा अशा रचनेचा सर्वांत साधा प्रकार असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

बहुस्तरी सरणी : अनुक्रमाने मांडलेल्या घटकांच्या यादीस सरणी किंवा ॲरे म्हणतात. अनेक संगणकीय भाषांत सरणीचा घटक ही स्वतःच एक सरणी असू शकते. अशा आतील सरणीला येथे पोटसरणी आणि पोटसरण्या असलेल्या सरणीला बहुस्तरी सरणी म्हटले आहे. उदा., पुढील सरणी पहावी :

[ ३, [ ५, [ २, ७ ] ], [ ], [ ४ ] ]

या सरणीत चार घटक आहेत. पहिला घटक ३ ही संख्या आहे. दुसरा घटक ही पोटसरणी असून तिच्यात ५ ही संख्या व २ आणि ७ यांची आणखी एक पोटसरणी आहे. तिसरा घटक ही रिकामी पोटसरणी, तर चौथा घटक ही एकाच संख्येची पोटसरणी आहे. बाहेरची धरून एकूण सरण्या ५ आहेत व संख्याही ५ आहेत.

बहुस्तरी सरणीची व्याख्या दोन वाक्यांत करता येते : (१) सरणी ही शून्य किंवा अधिक घटकांची सांत यादी असते; (२) घटक हा एक तर संख्या असतो किंवा पुन्हा सरणी असतो. या व्याख्येत सरणीचा उल्लेख सरणीच्याच वर्णनात येत असला, तरी ती चक्राकार ठरत नाही. कारण आतील प्रत्येक सरणी बाहेरच्या सरणीहून लहान असते आणि आत जाता जाता केव्हा तरी रिकामी किंवा केवळ संख्यांची बनलेली सरणी येतेच.

पातळ्यांची संख्या आधीच ठरलेली असेल, तर पुनरावर्तनाची आवश्यकता नसते. जिल्हा, त्यातील तालुके व तालुक्यांतील गावे अशी यादी असेल, तर एकात एक अशा तीन आवृत्त्यांनी प्रत्येक गावापर्यंत पोहोचता येते. याउलट एखाद्या घराण्याची वंशावळ घेतली, तर एका शाखेत तीन पिढ्या, तर दुसऱ्या शाखेत दहा पिढ्या असू शकतात. प्रत्येक व्यक्तीची नोंद म्हणजे तिचे नाव व तिच्या अपत्यांची यादी, आणि त्या यादीतील प्रत्येक नोंद पुन्हा तशीच. किती पातळ्या येतील हे आज्ञावली लिहिताना माहीत नसल्याने किती आवृत्त्या एकात एक लिहाव्यात हे ठरविता येत नाही. अशा ठिकाणी पुनरावर्तन आवश्यक ठरते.

मांडणी : आज्ञावलीचा आकार माहितीच्या व्याख्येच्या आकाराप्रमाणे असावा, हे पुनरावर्तनाचे मूलतत्त्व होय. व्याख्येत घटकाचे दोन प्रकार आहेत. म्हणून उपआज्ञावलीतही दोन शाखा असतात. व्याख्येत ज्या ठिकाणी सरणी हा शब्द पुन्हा येतो, नेमक्या त्याच ठिकाणी उपआज्ञावली स्वतःला आवाहन करते. बहुस्तरी सरणीतील सर्व संख्यांची बेरीज करणारी उपआज्ञावली पुढीलप्रमाणे मांडता येते :

बेरीज (सरणी) :
१. ‘एकूण’ची किंमत ० धरावी.
२. सरणीतील घटक अनुक्रमाने एकेक घ्यावा.
३. घटक संख्या असल्यास ती ‘एकूण’मध्ये मिळवावी.
४. घटक सरणी असल्यास बेरीज (घटक) काढावी व येणारे उत्तर ‘एकूण’मध्ये मिळवावे.
५. सर्व घटक संपल्यावर ‘एकूण’ हे उत्तर परत द्यावे.

प्रत्येक पुनरावर्ती उपआज्ञावलीत आवाहनाविना सुटणारी एखादी स्थिती असावीच लागते. तिला आधारस्थिती म्हणतात. वरील मांडणीत ती वेगळ्या पायरीने लिहिलेली नाही, तथापि ती आहे : सरणी रिकामी असेल किंवा तिच्यात केवळ संख्याच असतील, तर चौथी पायरी कधीच अंमलात येत नाही व उत्तर तत्काळ मिळते. रिकाम्या सरणीची बेरीज ० येते, हेही पहिल्या पायरीतच ठरून गेलेले आहे.

कार्यवाही : वर दिलेल्या सरणीवर ही उपआज्ञावली चालविली असता प्रथम ३ मिळवून ‘एकूण’ ३ होते. पुढचा घटक पोटसरणी असल्याने पहिले काम ३ या किंमतीवर थांबते व दुसरे सुरू होते. त्यात ५ मिळविल्यावर पुन्हा पोटसरणी येते. म्हणून दुसरे काम ५ वर थांबून तिसरे सुरू होते. तिसऱ्या कामात २ व ७ यांची बेरीज ९ येते व ती परत दिली जाते. दुसरे काम ५ + ९ = १४ हे उत्तर परत देते. पहिल्या कामातील ‘एकूण’ ३ + १४ = १७ होते. रिकाम्या पोटसरणीकडून ० व शेवटच्या पोटसरणीकडून ४ मिळून अंतिम उत्तर २१ येते. एकूण आवाहने ५ झाली, म्हणजे सरण्यांच्या संख्येइतकी; परंतु कोणत्याही क्षणी अर्धवट असलेली कामे ३ हून अधिक नव्हती. ही ३ संख्या म्हणजे सरणीची खोली होय. आवाहनांची संख्या व खोली यांतील हा भेद पुढे मर्यादांचा विचार करताना महत्त्वाचा ठरतो.

थांबलेल्या प्रत्येक कामाची ‘एकूण’ची किंमत, तो कोणत्या घटकापाशी थांबला ती खूण आणि काम पुढे चालू करण्याचा परतीचा पत्ता हे सर्व संगणकाला जपून ठेवावे लागते. त्यासाठी स्मृतीत चवड किंवा स्टॅक ही रचना योजतात. ताटांच्या चवडीत शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलले जाते. त्याचप्रमाणे शेवटी थांबलेले काम प्रथम पुरे होते. प्रत्येक आवाहनाला चवडीवर स्वतंत्र जागा मिळत असल्याने ‘एकूण’ हे नाव एकच असले, तरी तीन अर्धवट कामांच्या तीन निराळ्या किंमती असतात. अशी स्वतंत्र जागा नसती, तर काय झाले असते हे याच उदाहरणावरून दिसते. परतीचे पत्ते सुरक्षित आहेत, परंतु ‘एकूण’साठी सर्वांना मिळून एकच जागा आहे असे मानले आणि प्रत्येक आवाहन पुरे झाल्यावर त्या जागेतील किंमतीत उत्तर मिळविले, तर आतील प्रत्येक काम ती जागा पुन्हा ० करील आणि शेवटी २१ ऐवजी ८ हे चुकीचे उत्तर येईल.

बिनचूकपणाची खात्री : प्रत्येक आवाहनाचा माग काढीत बसणे हा पुनरावर्तन समजून घेण्याचा मार्ग नव्हे, तीनचार पातळ्यांनंतर तो मार्ग वाचकास गोंधळात टाकतो. गणितीय विगमनाच्या पद्धतीने मात्र थोडक्यात खात्री करून घेता येते. ज्या सरणीत पोटसरणी नाही, तिच्यासाठी उपआज्ञावली बरोबर उत्तर देते हे उघड आहे. आता एखाद्या सरणीहून कमी खोलीच्या सर्व सरण्यांसाठी ती बरोबर आहे असे गृहीत धरल्यास, या सरणीतील प्रत्येक पोटसरणीचे उत्तर बरोबर येईल; ती उत्तरे व सुट्या संख्या यांची बेरीज म्हणजेच संपूर्ण सरणीची बेरीज होय. म्हणून कोणत्याही सांत खोलीच्या सरणीसाठी ती बरोबर ठरते. पुनरावर्ती आज्ञावली लिहिणाऱ्यानेही हीच दृष्टी ठेवावयाची असते : आतील आवाहन आपले काम चोख करील असे मानून, त्याचे उत्तर हाती आल्यावर आपण काय करावयाचे एवढेच ठरवावे. हा विश्वास आंधळा नसतो. आधारस्थिती बरोबर असणे व प्रत्येक आवाहन अधिक लहान सरणीसाठी असणे, या दोन अटींवर तो उभा असतो.

सरावाचा क्रम : बेरजेची मांडणी समजल्यावर पुढील प्रश्न क्रमाने सोडविणे हितावह ठरते. प्रत्येक प्रश्नात एकेक नवी अडचण येते.

(१) संख्यांची मोजणी : बेरजेच्या तिसऱ्या पायरीत संख्येऐवजी १ मिळविला की पुरते. वरील सरणीसाठी उत्तर ५ येते.

(२) सर्वांत मोठी संख्या : येथे रिकाम्या सरणीचे काय, हा प्रश्न प्रथमच उभा राहतो. बेरजेत ० हे उत्तर निरुपद्रवी होते. येथे ० धरल्यास सर्व संख्या ऋण असताना उत्तर चुकते. म्हणून ‘उत्तर नाही’ अशी खूण परत देण्याची तजवीज करावी लागते.

(३) खोली : सरणीची खोली म्हणजे तिच्या पोटसरण्यांपैकी सर्वांत मोठ्या खोलीहून १ ने अधिक, पोटसरणी नसल्यास १. वरील सरणीची खोली ३ आहे.

(४) भारित बेरीज : प्रत्येक संख्येला ती ज्या पातळीवर असेल त्या पातळीच्या अंकाने गुणून बेरीज करावयाची. वरील उदाहरणात ३×१ + ५×२ + २×३ + ७×३ + ४×२ = ४८. आतापर्यंत माहिती केवळ आतून बाहेर, उत्तराच्या रूपाने, येत होती. येथे पातळीचा अंक बाहेरून आत, आवाहनासोबत, द्यावा लागतो. कोणती माहिती आत न्यावयाची व कोणती बाहेर आणावयाची हे ओळखणे, हे पुनरावर्तनातील निम्मे कौशल्य होय.

(५) सपाटीकरण : सर्व संख्या त्याच क्रमाने एका साध्या सरणीत आणणे. उत्तर [ ३, ५, २, ७, ४ ] असे येते. प्रत्येक पातळीवर नवी सरणी बनवून ती वरच्या सरणीत उतरविली, तर खोलवरची संख्या जितक्या पातळ्या तितक्या वेळा नकलली जाते. त्याऐवजी एकच उत्तर-सरणी सर्व आवाहनांना पुरविली, तर प्रत्येक संख्या एकदाच लिहावी लागते. जावास्क्रिप्ट भाषेच्या २०१९ मधील प्रमाणात सपाटीकरणाची तयार सोय आहे. परंतु किती पातळ्या उलगडावयाच्या हे न सांगितल्यास ती एकच पातळी उलगडते.

(६) उलट क्रम : सर्व पातळ्यांवरील घटक उलट क्रमाने मांडणे. उत्तर [ [ ४ ], [ ], [ [ ७, २ ], ५ ], ३ ] असे येते. येथे उत्तर ही संख्या नसून मूळ सरणीच्याच घडणीची नवी सरणी असते.

(७) पूर्ण प्रत : अनेक भाषांत सरणीची वरवरची प्रत काढल्यास पोटसरण्या नव्याने बनत नाहीत, मूळ व प्रत या दोहोंत त्याच पोटसरण्या सामाईक राहतात. परिणामी प्रतीच्या पोटसरणीत केलेला बदल मूळ सरणीतही दिसतो. प्रत्येक पोटसरणीची प्रत पुनरावर्तनाने काढल्यावरच दोन्ही स्वतंत्र होतात.

नेहमीचे दोष : सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे आतील आवाहन करूनही त्याचे उत्तर न वापरणे; अशा आज्ञावलीत सर्व पोटसरण्या तपासल्या जातात, पण अंतिम उत्तरात केवळ बाहेरच्या पातळीवरील संख्या येतात. वरील सरणीची बेरीज अशा वेळी ३ च येते. दुसरा दोष म्हणजे पोटसरणीऐवजी मूळ सरणीच पुन्हा आवाहनात देणे. त्यामुळे प्रश्न लहान होत नाही व काम कधीच संपत नाही. तिसरा दोष घटकाचा प्रकार ओळखण्यात होतो. पायथन या भाषेत अक्षरमालिकेतील घटकही एकेक करून घेता येतात आणि एकाक्षरी मालिकेचा घटक ही पुन्हा तीच एकाक्षरी मालिका असते. ‘ज्याचे घटक घेता येतात ती सरणी’ अशी ढिली कसोटी लावल्यास एका अक्षरापाशीच आज्ञावली अडकून पडते. याशिवाय काही भाषांत एखादी सरणी स्वतःचाच घटक म्हणूनही ठेवता येते. तशी सरणी वरील व्याख्येत बसत नाही, तिची खोली सांत नसते आणि म्हणून विगमनाची खात्रीही तिला लागू पडत नाही. तशी शक्यता असेल, तर भेट दिलेल्या सरण्यांची नोंद वेगळी ठेवावी लागते.

इतिहास : पूर्वीच्या पदांवरून पुढचे पद ठरविण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. छंदःशास्त्रात ठराविक मात्रांची किती वृत्ते होऊ शकतात हे त्याआधीच्या दोन मात्रासंख्यांच्या उत्तरांची बेरीज करून काढण्याचा नियम हेमचंद्र यांनी बाराव्या शतकात दिला आहे. रिखार्ट डेडेकिंट यांनी १८८८ मध्ये नैसर्गिक संख्यांच्या विवेचनात पुनरावर्ती व्याख्येला तार्किक पाया दिला, तर कुर्ट गोडेल यांच्या १९३१ मधील निबंधात पुनरावर्ती फलनांना मध्यवर्ती स्थान मिळाले.

फ्रीड्रिख बाउअर व क्लाउस झामेलझोन यांनी १९५७ मध्ये चवडीच्या तत्त्वावर जर्मनीत एकस्वासाठी अर्ज केला होता. तथापि १९५७ मध्ये प्रचारात आलेल्या फोर्ट्रान भाषेत उपआज्ञावलीला स्वतःला आवाहन करण्याची मुभा नव्हती. त्या भाषेच्या प्रमाणात ती फोर्ट्रान ९० या आवृत्तीपासून आली. १९६० हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. जॉन मॅकार्थी यांनी त्या वर्षी लिस्प भाषेचे मूळ निरूपण प्रसिद्ध केले. तिच्यात सर्व माहिती यादीच्या पोटात यादी अशा रूपात असून ती हाताळण्याचे मुख्य साधन पुनरावर्तन हेच होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अल्गोल ६० भाषेच्या अहवालात पुनरावर्ती उपआज्ञावलींना वाव मिळाला आणि एट्सखर डायक्स्ट्रा यांनी अशा आज्ञावलींसाठी चवड कशी वापरावी हे एका निबंधात दाखवून दिले. टोनी होअर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेली क्विकसॉर्ट ही क्रमवारीची रीत पुनरावर्तनाचे विख्यात उदाहरण होय.

मर्यादा : चवडीसाठी राखलेली स्मृती मर्यादित असते. खोली फार वाढल्यास ती भरून जाते व आज्ञावली बंद पडते. पायथनच्या प्रमुख आवृत्तीत आवाहनांच्या खोलीवर मुळात १,००० ची मर्यादा घातलेली असते. ती आज्ञावलीकाराला बदलता येते. येथे धोका सरणी किती मोठी आहे यापेक्षा ती किती खोल आहे यावर अवलंबून असतो. १० लाख संख्यांची एकपातळी सरणी एकाच आवाहनात संपते. परंतु केवळ १० लाख उघडे कंस असलेला, जेमतेम १० लाख बाइट आकाराचा मजकूर पुनरावर्ती वाचकाला तितक्याच खोलीपर्यंत नेऊ पाहतो. माहिती परक्या ठिकाणाहून येत असेल, तर असा मजकूर कोणी हेतुपुरस्सरही पाठवू शकतो. संगणकांमधील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जेसन या मांडणीत सरणीत सरणी ठेवता येते. तिच्या २०१७ मधील प्रमाणपत्रकात वाचक आज्ञावलीला खोलीवर मर्यादा घालण्याची स्पष्ट मुभा दिलेली आहे. पीएचपी भाषेतील जेसन-वाचकाची मूळ मर्यादा ५१२ पातळ्यांची, तर रूबी भाषेतील १०० पातळ्यांची आहे.

ज्या यंत्रणेत आज्ञावली बंद पडणे म्हणजे जीवित वा वित्त यांची हानी, तेथे अधिक कडक नियम पाळतात. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुरक्षितताविषयक दहा नियमांपैकी पहिल्याच नियमात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष पुनरावर्तन वर्ज्य मानले आहे. कारण पुनरावर्तन नसेल, तर चवडीला किती स्मृती लागेल हे आधीच सिद्ध करता येते.

पुनरावर्तनाने सुटणारा प्रश्न स्वतःची चवड सांभाळणाऱ्या साध्या आवृत्तीनेही सोडविता येतो. त्यासाठी बाहेरची सरणी प्रथम चवडीवर ठेवतात. मग चवड रिकामी होईपर्यंत वरची वस्तू उचलून ती संख्या असल्यास मिळवितात आणि सरणी असल्यास तिचे घटक चवडीवर ठेवतात. बेरजेला क्रमाचे महत्त्व नसते. सपाटीकरणात मात्र मूळ क्रम राखण्यासाठी घटक उलट क्रमाने चवडीवर ठेवावे लागतात. या रीतीत किती खोल जावयाचे ते आज्ञावलीकाराच्या हाती राहते, परंतु थांबलेल्या कामांचा हिशेबही त्यालाच ठेवावा लागतो. चवड दोन्ही रीतींत असतेच. ती कोणी सांभाळावयाची एवढाच फरक उरतो.

उपयोग : संगणकातील कप्प्यांत कप्पे असलेल्या फाइलींची मोजदाद, जाळ्यावरील पानांच्या घडणीचे वाचन, संगणकीय भाषांतील वाक्यरचनेचे पृथक्करण, वंशावळी व वर्गीकरणे यांची मांडणी इ. कामांत पुनरावर्तन सर्रास योजतात. या सर्व रचना बाह्यतः भिन्न असल्या, तरी त्यांची व्याख्या बहुस्तरी सरणीच्या व्याख्येसारखीच असते : वस्तू ही एक तर सुटी असते किंवा वस्तूंची यादी असते. म्हणूनच पाच संख्यांच्या लहानशा सरणीवर आत्मसात केलेली मांडणी नावे बदलून या मोठ्या रचनांनाही लागू पडते.